नाच कोण थांबवतं?

४ एप्रिल, अमरावती

आज चित्रपट-मंडळात मुलांना एका चित्रपटाची नुसती नामावली दाखवली आणि पडदा बंद केला. स्पाइक ली यांचा १९८९ चा 'डू द राइट थिंग'. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या बेडफर्ड-स्टायव्हसंट वस्तीतली एक गल्ली आणि उन्हाळ्यातला सगळ्यांत तापलेला एक दिवस, एवढाच त्याचा पसारा. गल्लीत राहणारे बहुतेक काळे, कोपऱ्यावरचं पिझ्झाचं दुकान इटालियन वंशाच्या गोऱ्या बापलेकांचं, समोरचं किराणा दुकान कोरियन जोडप्याचं. वऱ्हाडातल्या मुलांना ऊन समजावून सांगावं लागत नाही. त्या गल्लीत डोकी का तापतात हे एप्रिलमध्ये अमरावतीत बसून पाहणाऱ्याला लगेच कळतं.

पण त्याआधी नाच आहे. सुरुवातीला एकट्या सॅक्सोफोनवर संथ धून येते. ब्रॅनफर्ड मार्सालिस यांनी वाजवलेली ती धून म्हणजे 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग', अमेरिकेतला काळा समाज पिढ्यान् पिढ्या उभं राहून म्हणत आलेलं गीत. ती विरते न विरते तोच 'पब्लिक एनिमी' या गटाचं 'फाइट द पॉवर' दणक्यात सुरू होतं आणि एक मुलगी नाचायला लागते. रोझी पेरेझ. मागे ब्रुकलिनच्या घरांची मोठी केलेली छायाचित्रं, त्यांच्यावर लालभडक उजेड. कधी ती तंग कपड्यांत असते, कधी चामडी जाकिटात, कधी बॉक्सरच्या वेशात, हातात मोजे घालून. वेश बदलतो, पण हालचाल तुटत नाही. ठोसा एका कपड्यात निघतो आणि दुसऱ्या कपड्यात पोचतो. अख्ख्या गाण्यात पडद्यावर दुसरं माणूस नाही.

दिवे लावल्यावर दर्यापूरकडच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, थे पोरगी हासत कावून नाई?"

याहून चांगला प्रश्न मला सुचला नसता. आपण पाहिलेल्या हजारो नाचांमध्ये नाचणारी हसते. कंबर, पाय, श्वास यांचं काहीही होवो, चेहरा पाहणाऱ्याला आनंद देत राहतो. पेरेझ जबडा आवळून नाचते. कॅमेऱ्याकडे बघते, पण त्याला खूश करत नाही. ली यांनी सांगून ठेवलं आहे की ही कल्पना त्यांना १९६३ च्या 'बाय बाय बर्डी'वरून सुचली. तिथे सुरुवातीला अ‍ॅन-मार्गरेट निळ्या पार्श्वभूमीसमोर थेट कॅमेऱ्याकडे पाहत गाते, लाडिक, मोहक. ली यांनी मांडणी तीच ठेवली आणि आतलं सगळं बदललं. कोऱ्या निळ्या रंगाच्या जागी खरी गल्ली आली, लाडाच्या जागी ठोसा आला.

६ एप्रिल

आज तीच नामावली आवाज बंद करून पाहिली. मुलं अस्वस्थ झाली. एक जण म्हणाला, आता ती भांडतेय असं वाटतं, आधी नाचतेय असं वाटत होतं.

आवाज काढल्यावर दिसलेल्या गोष्टी टिपून ठेवते. ती जागा सोडत नाही. नाचत नाचत कुठे जात नाही, फेर धरत नाही, जोडीदार शोधत नाही. गल्लीचा तेवढा तुकडा तिचा आहे आणि तो ती पायांनी ठोकून सांगते. मुठी सतत वर. पुढे चित्रपटात रेडिओ रहीम नावाचा धिप्पाड तरुण येतो, खांद्यावर भला मोठा टेपरेकॉर्डर, त्यात सतत हेच गाणं. त्याच्या बोटांत दोन मोठ्या अंगठ्या असतात, एका हातावर प्रेम, दुसऱ्या हातावर द्वेष असे शब्द कोरलेले, आणि तो त्या दोन हातांची बॉक्सिंगची झुंज कॅमेऱ्यासमोर लावून दाखवतो. तिचे मोजे त्या झुंजीची आधीच दिलेली वर्दी आहेत. लाल उजेड हा येणाऱ्या उन्हाचा आणि आगीचा आहे. वर्णद्वेषाचा विषय अजून कुणी उच्चारलेला नाही, आणि तरी बघणाऱ्याच्या अंगात तो शिरलेला आहे.

पेरेझ मूळची ब्रुकलिनचीच, आईवडील पोर्तो रिकोचे. ती टीव्हीवरच्या 'सोल ट्रेन' कार्यक्रमात नाचायची. ली यांनी तिला लॉस एंजेलिसच्या एका क्लबात नाचताना पाहिलं. हा तिचा पहिला चित्रपट. म्हणजे काळ्यांच्या बंडाच्या गाण्यावर नाचणारी मुलगी ठरलेल्या चौकटीतली 'काळी' नाही, स्पॅनिश बोलणाऱ्या घरातली आहे. त्या गल्लीत कोण कोणाचं, याची गुंतागुंत पहिल्या चेहऱ्यापासूनच आहे.

८ एप्रिल, अकोला

बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीनं आत्याकडे आले. मूर्तिजापूर सोडलं की दोन्ही बाजूंना काळी रानं नुसती भेगाळून पडलेली. अकोल्यात दहा वाजताच रस्ते ओस.

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली त्याला बरीच वर्षं झाली. चौदा एप्रिलला पांढरी साडी नेसून वंदनेला जायचं, भाषणं ऐकायची, घरी यायचं, हा तिचा शिरस्ता. मिरवणुकीतला डीजे तिला सहन होत नाही. कूलरसमोर बसून मी तिला माझ्या मंडळाबद्दल सांगत होते, तर म्हणाली, "तू पोट्ट्यायले नाचच शिकवून राह्यली का आता?"

मी म्हटलं, नाच कसा पाहायचा ते शिकवते.

"आपल्या बायायनं लोकायपुढं लय वर्सं नाचलं, बाई. बाबासायबानं त्याच्यातूनच त काढलं आपल्याले."

तिचं म्हणणं हवेतलं नाही. तमाशाचे फड उभे राहिले ते मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या माणसांच्या गळ्यावर आणि पायांवर. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कुलकर्णी, ब्राह्मण घर सोडून फडात गेले म्हणून आख्यायिका झाले. त्यांच्या फडाचं तेज असलेली पवळा महार होती, तिचं नाव मात्र त्यांच्या नावाला जोडूनच घेतलं जातं. बापूरावांनी चळवळीसाठी देऊ केलेले तमाशाचे पैसे डॉ. आंबेडकरांनी नाकारले, ही हकिगत आंबेडकरी घरांत अजून सांगितली जाते. आमच्या घरात ती आत्याच सांगते. पुढे आंबेडकरी जलशांनी तमाशाची बांधणी घेतली, ढोलकी घेतली, सवाल-जवाब घेतले, आणि नाचणारी बाई वगळली. लेखणी आणि पांढरी साडी यांना जे मोल आलं ते पायांतले चाळ सोडून आलं. आत्याच्या पिढीसाठी नाच थांबणं हीच सुटका होती.

दुपारी ऊन उतरेना, तेव्हा मी मोबाइलवर तिला ती नामावली दाखवली. तिनं चष्मा लावला. गाणं तिला आवडलं नाही, गोंगाट वाटला. पण बघत राहिली. बॉक्सरचा वेश आला तेव्हा म्हणाली, "इच्यावर पैसा फेकाची हिंमत नाई होनार कोनाची."

दौलतजादा पाहिलेल्या पिढीच्या बाईचं हे वाक्य आहे. नाच कोणासाठी, हे ती पैशाच्या दिशेवरून ओळखते. त्या मुलीभोवती प्रेक्षक नाही, बैठक नाही, नोट धरून पुढे येणारा हात नाही. ली यांनी पार्श्वभूमीला माणसं का ठेवली नाहीत आणि घरांची चित्रंच का ठेवली, याचं उत्तर मला अकोल्यात मिळालं.

११ एप्रिल, अमरावती

जोतीराव फुल्यांची जयंती. सकाळी कॉलेजात हार घालून झाल्यावर मुलांना एवढंच सांगितलं की 'गुलामगिरी' १८७३ साली छापली तेव्हा फुल्यांनी ती अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली ज्यांनी काळ्यांना दास्यातून मुक्त केलं. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तरही आलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव घेतलं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. ब्रुकलिनच्या गल्लीतला चित्रपट वऱ्हाडात दाखवायला मला वेगळं कारण द्यावं लागत नाही.

पण एक फरक मनातून जात नाही. रंग पहिल्या चौकटीत दिसतो. पेरेझचा हात वर गेला की बघणाऱ्याला कळतं, ही कोण, कुठल्या गल्लीतली. जात अशी दिसत नाही. आपल्या पडद्यावर एखादा मुलगा नाचताना दाखवला तर त्याच्या नाचात जात कुठे शोधायची? ती आडनावात असते, घराच्या दिशेत असते, कोणतं काम कोणी कोणाला सांगायचं यात असते. म्हणजे कुणीतरी हाक मारावी लागते, तेव्हा ती दिसते.

१२ एप्रिल

'फँड्री' दाखवला. बहुतेकांनी तो शाळेत असताना पाहिला होता, म्हणून जत्रेचा प्रसंग पुन्हा दोनदा लावला.

नागराज मंजुळेंचा हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला. जांबुवंत कचरू माने, जब्या, कैकाडी घरातला मुलगा. गावाला डुकरांचा त्रास झाला की बोलावणं त्याच्या बापाला येतं. जत्रेत हलगी वाजते आणि जब्या नाचतो. सायकलचं दुकान असलेला चंक्या, म्हणजे स्वतः मंजुळे, त्याला खांद्यावर घेतो. त्या वेळी जब्या गावातल्या कुठल्याही मुलासारखा आहे. नाच चांगला आहे का, हे महत्त्वाचं नाही. त्याला आवडणारी शालू गर्दीत आहे आणि तो तिला दिसावा म्हणून नाचतो आहे, इतकं साधं. मग त्याला नाचातून काढलं जातं आणि त्याच्या डोक्यावर गॅसबत्ती येते. हलगी तीच, नाचणारे तेच. जब्या आता त्यांना उजेड देत उभा आहे आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आहे.

काल लिहिलेला फरक इथे उघडा पडतो. नाचत होता तोवर जब्याला जात नव्हती. नाच थांबवला, त्या क्षणी ती पडद्यावर आली. कुणी शिवी दिली नाही, मारलं नाही. फक्त जागा बदलली, नाचणाऱ्यातून दिवा धरणाऱ्यात.

चित्रपटात नंतर पुन्हा एकदा थांबणं आहे. डुक्कर हातात येणार इतक्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर पळून जातं. आणि मग ती भिंत. मारलेलं डुक्कर बांबूला बांधून बापलेक शाळेच्या भिंतीवरून चालले आहेत, भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा. गाडगेबाबांचं चित्र आलं तसं मागच्या बाकावरून कुणीतरी "आपले बाबा" म्हटलं. शेंडगाव आमच्याच जिल्ह्यातलं, समाधी याच शहरात.

लींच्या चित्रपटातलं भांडणही भिंतीवरच्या फोटोंवरून पेटतं. पिझ्झाच्या दुकानात फक्त इटालियन अमेरिकनांचे फोटो आहेत. गिऱ्हाईक काळं, मग भिंतीवर एकही काळा चेहरा का नाही, असा एका तरुणाचा सवाल. दुकान मालकाचं, भिंत मालकाची, हे मालकाचं उत्तर. 'फँड्री'त भिंतीवर चेहरे आहेत आणि खालून जाणाऱ्याला त्यांचा उपयोग झालेला नाही. दोन्ही भिंती शेजारी ठेवून बोलायला हवं होतं, पण हॉलची वेळ संपली.

१३ एप्रिल

वीरा साथीदार २०२१ साली आजच्याच दिवशी नागपुरात कोविडनं गेले. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये त्यांनी लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका केली, आणि ती करायला त्यांना स्वतःच्या आयुष्यापासून फार दूर जावं लागलं नाही. त्या चित्रपटाच्याही सुरुवातीला कार्यक्रम आहे. मैदानात छोटा मंच, ढोलकी, साथीदार, संभाजी भगतांनी बांधलेलं गाणं. कॅमेरा लांब, स्थिर. तिथेच पोलीस येतात आणि कांबळेला घेऊन जातात. पुढचा सगळा चित्रपट कोर्टातल्या तारखांचा आहे.

इथेही ओळख होते ती थांबवण्यातून.

१४ एप्रिल, रात्री

इर्विन चौकातून आत्ताच आले. कानांना अजून दडे बसलेले.

बाबासाहेबांच्या पुतळ्याभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. वलगाव, बडनेरा, भातकुली, कुठून कुठून माणसं. भोजनदानाच्या रांगा, सरबताचे स्टॉल, पुस्तकांच्या मांडण्या, निळी नीळ उधळलेली. सकाळी पांढऱ्या साड्यांची शांत रांग होती. आत्या अमरावतीत असती तर तिथेच असती. संध्याकाळी गल्लीगल्लीतून मिरवणुका आल्या आणि भीमगीतांवर मुलं नाचायला लागली. यंदा मुलीही खूप. माझ्या वर्गातल्या तिघी-चौघी दिसल्या, मला पाहून लाजल्या नाहीत, हात धरून ओढलं. मी नाचले.

याच शहरात १३ नोव्हेंबर १९२७ ला इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषदेचं अधिवेशन झालं, डॉ. आंबेडकर अध्यक्ष. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा होता. पंजाबराव देशमुख त्या लढ्यात पुढे होते. तेव्हा हक्क आत जाण्याचा मागितला जात होता. आज शहराच्या मधोमध चौक भरून माणसं उभी होती आणि कोणाकडे काही मागत नव्हती.

डीजेबद्दलची तक्रार मला खोटी वाटत नाही. चौकाला लागूनच जिल्हा रुग्णालय आहे. तिथे पडलेल्या माणसाला हा आवाज सोसवणारा नाही, आणि त्यांत आमच्याच वस्त्यांतले पेशंट जास्त. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी हा नियम सगळ्यांसाठी आहे आणि तो पाळावा, असंच माझं मत आहे. पण वर्षभर प्रत्येक मिरवणुकीचा, वरातीचा, दहीहंडीचा आवाज गिळणारी माणसं याच एका दिवशी आवाजाची पट्टी घेऊन उभी राहतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात डेसिबलपेक्षा वेगळं काही असतं. दहा वाजता पोलिसांनी शिट्टी वाजवली, मुलांनी आवाज बंद केला. बंद झाल्यावरही नुसत्या टाळ्यांवर काही वेळ नाचत राहिली.

१६ एप्रिल

आज 'डू द राइट थिंग' पूर्ण.

मुलांनी नामावली इतक्या वेळा पाहिली होती की रेडिओ रहीमच्या टेपवर ते गाणं आलं तसं ओळखीचं माणूस भेटल्यासारखी हसली. गाणं चित्रपटभर परत परत येतं. शेवटी रात्री तो पिझ्झाच्या दुकानात टेप मोठ्यानं लावून उभा राहतो, मालक बेसबॉलची बॅट काढतो आणि टेप फोडतो. अचानक शांतता. त्यानंतरच्या मारामारीत पोलीस रहीमचा गळा दंडुक्यानं आवळतात आणि तो मरतो. १९८३ मध्ये मायकल स्टुअर्ट हा तरुण न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या ताब्यात असताना गेला. पोलिसांच्या आणि गोऱ्या जमावांच्या हातून मेलेल्या अशा काळ्यांच्या कुटुंबांना हा चित्रपट अर्पण केलेला आहे.

सुरुवातीला जे गाणं अख्खं, अखंड वाजलं होतं, ज्याला थांब म्हणणारं पडद्यावर कुणी नव्हतं, ते इथे बॅटनं थांबवलं जातं. मला वाटतं, नामावलीचा खरा अर्थ तेव्हा पोचतो. ली यांनी आधी आपल्याला थांबवणारा नसलेलं जग दाखवलं, एका गाण्यापुरतं.

हॉलमध्ये कुणी बोलेना. मग एक मुलगा शिर्डीबद्दल बोलला. मे २०१५ मध्ये तिथे एका दलित तरुणाचा खून झाला, आणि वादाचं निमित्त होतं मोबाइलवर वाजलेली भीमगीताची रिंगटोन. जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत एका तरुणाला भोसकून मारलं, गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असं त्याच्या घरच्यांनी तक्रारीत सांगितलं. मुलगा हे आवाज न चढवता बोलला. मी मध्ये काही घातलं नाही.

हा चित्रपट आला तेव्हा तो पाहून काळी मुलं दंगली करतील अशी भीती अमेरिकेतल्या काही समीक्षकांनी छापली होती. तसं कुठेही घडलं नाही. त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं 'ड्रायव्हिंग मिस डेझी'ला, म्हाताऱ्या गोऱ्या बाईची गाडी प्रेमानं चालवणाऱ्या काळ्या ड्रायव्हरच्या गोष्टीला. लींच्या चित्रपटाला त्या विभागात नामांकनही नव्हतं.

निघताना दर्यापूरकडची मुलगी थांबली. रागावलेली होती. "मॅडम, सुरुवातीले इतकं नाचवलं, अन् मंग पिक्चरभर खोलीत बसवलं तिले."

खरं आहे. ती मुलगी कथेत टीना असते, नायक मूकीच्या मुलाची आई. तिच्या वाट्याला एक खोली, वाट पाहणं आणि मूकीवर ओरडणं येतं. गल्लीवरची ती सत्ता, त्या मुठी, यांतलं टीनाकडे काही पोचत नाही. बर्फाच्या तुकड्याचा जो प्रसंग तिच्या उघड्या अंगावर घेतला आहे, तो करताना आपल्याला किती अवघड झालं हे पेरेझनं पुढे सांगितलं. चित्रपटाचं सगळं मोठेपण मान्य करूनही हा त्याचा दोषच म्हणायचा. नाचानं जिची ओळख करून दिली ती बाई पुढे चित्रपटाला सापडली नाही. नाच सगळ्या गल्लीच्या वतीनं होता, तिच्या वतीनं नव्हता.

१८ एप्रिल

त्या मुलीच्या रागाला उत्तर म्हणून नव्हे, पण जोड म्हणून आज 'भूमिका'ची सुरुवात दाखवली. श्याम बेनेगल, १९७७. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेला. त्या आत्मकथनाला शब्दरूप देणारे अरुण साधू आमच्या परतवाड्याचे, हे मुलांना माहीत नव्हतं.

पडदा उघडतो तो नाचावर. स्मिता पाटील लावणीच्या थाटात, हसतमुख, डौलदार. क्षणभर वाटतं, हा आपण पाहत असलेल्या चित्रपटाचाच नाच. मग नाच अडतो आणि कळतं की हे शूटिंग चाललं आहे. दिवे, माणसं, कॅमेरा. हसणं चेहऱ्यावरून उतरतं. तिची पहिली ओळख आपल्याला होते ती हसू आणि हसू उतरणं यांमधल्या त्या फटीत. पुढे कळतं की ही उषा, कलावंतिणीच्या घराण्यातली मुलगी, आजीकडून गाणं शिकलेली, आणि पोट भरण्यासाठी कोवळ्या वयात पडद्यावर आणलेली. तिच्या नाचावर घर चालतं, नवरा चालतो.

पेरेझ हसत नाही कारण तिला कोणी हसायला सांगू शकत नाही. उषा हसते कारण ते कामाचा भाग आहे. दोघींच्या नाचाच्या सुरुवातीत इतकं अंतर, आणि कथेचा शेवटाकडचा भाग मात्र दोघींना सारखाच भेटतो. उषा एका जमीनदाराच्या वाड्यात जाते आणि तिथून तिला बाहेर पडता येत नाही. पुन्हा खोली.

दर्यापूरकडची मुलगी म्हणाली की तिला अशी गोष्ट पाहायची आहे जिच्यात नाचणारी शेवटपर्यंत बाहेर राहते. मी तिला असा एकही चित्रपट सुचवू शकले नाही, म्हणून म्हटलं, शोधून आण.

२० एप्रिल

'झुंड'वर दोन तास वाद. मंजुळेंचाच, २०२२ चा, हिंदी, पण जीव नागपूरचा. झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावरून बेतलेला. त्यात आंबेडकर जयंतीचा प्रसंग आहे: डीजे, नीळ, बेभान नाचणारी पोरं, आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर हात जोडून उभे राहिलेले अमिताभ बच्चन. इतक्या मोठ्या हिंदी नटाला त्या तसबिरीसमोर तसं उभं राहिलेलं आपण पूर्वी पाहिलं नव्हतं. पण मला तसबिरीपेक्षा नाच मोठा वाटतो. ही पोरं कोणाला दिसावं म्हणून नाचत नाहीत, कोणाचं पोट भरायला नाचत नाहीत, आणि त्यांच्यातल्या कोणाच्या डोक्यावर गॅसबत्ती येत नाही. आत्यानं सांगितलेली सगळी भीती या नाचाला माहीत आहे आणि तो तरीही होतो.

माझी तक्रार क्रमाची आहे. चित्रपटात ही पोरं आपल्याला आधी चोऱ्यामाऱ्या करताना, नशा करताना भेटतात, जयंती नंतर येते. म्हणजे पाहणाऱ्यानं त्यांना आधी चोर म्हणून ओळखलं आणि मग नाचणारे म्हणून. ली यांनी नाच पहिला ठेवला, गुन्हा, भांडण, दंगल सगळं नंतर. दार कोणतं उघडता त्यावर आत काय दिसतं ते ठरतं. जयंती पहिल्या पाच मिनिटांत असती तर पुढची प्रत्येक चोरी वेगळी दिसली असती, असं मी म्हटलं.

शिर्डीबद्दल बोललेला मुलगा उभा राहिला. "नाई मॅडम. आधी नाच दाखवला असता त लोकायनं म्हनलं असतं, पाहा, चालू झाला यायचा डीजे. आधी त्या पोट्ट्यायची भूक दाखवली म्हनून त नाच समजला."

दुसऱ्या एकीनं त्याला विचारलं, समजून कोणाला घ्यायचं होतं? आपल्याला तर पहिल्यापासून समजतं. मग दोघांचं जुंपलं. पडद्यासमोर बसलेला माणूस कोण धरायचा, या प्रश्नावर ते भांडत होते आणि आवाज चढत चालले होते. मी थांबवलं नाही.

शेवटी ठरलं ते असं. दोघं मिळून लॅपटॉपवर सुरुवातीच्या भागाचे दोन क्रम लावणार आहेत, एकात जयंतीचा प्रसंग आहे तिथेच, दुसऱ्यात सगळ्यांत आधी. पहिल्या वर्षाची बरीच मुलं अशी आहेत ज्यांनी 'झुंड' पाहिलेला नाही. त्यांचे दोन गट करून एकेकाला एकेक क्रम दाखवायचा आणि नंतर प्रत्येकाला एकच विचारायचं: ही पोरं कोण आहेत? उत्तर कागदावर, नाव न घालता. हॉल सोमवारी मिळतोय.